विश्लेषण : पिंपळनेरच्या खोलीत मिसिसिपीचे गाणे... जुन्या गाण्याचे ‘कव्हर’ रेकॉर्ड केले तर हक्क कुणाचा?

गिटार, मोबाइल आणि दार लावून घेता येईल अशी एक खोली. जुन्या गाण्याचे स्वतःच्या आवाजातले ‘कव्हर’ रेकॉर्ड करायला आज एवढे पुरते. धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरसारख्या गावात त्यासाठी नाशिक-मुंबईचा स्टुडिओ गाठायची गरज उरलेली नाही. अडचण येते ती गाणे अपलोड केल्यानंतर. मोबाइलवर ‘कॉपीराइट क्लेम’ची सूचना झळकते आणि प्रश्न पडतो : गाणे नव्वद-शंभर वर्षांपूर्वीचे, मूळ गायक कधीच निवर्तलेला, आवाज आपला, गिटार आपली, मग हक्क सांगणारा हा कोण? अमेरिकेतील ‘कंट्री ब्लूज’ या जुन्या गानप्रकाराच्या निमित्ताने या प्रश्नाचा माग काढला, तर तो थेट खान्देशातल्या गाण्यांपर्यंत येऊन पोहोचतो.

कंट्री ब्लूज म्हणजे काय?

एक माणूस, एक गिटार आणि कापसाचे शेत. अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधल्या काळ्या गाळाच्या पट्ट्यात हा प्रकार रुजला. १८६५मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन मालकाचीच राहिली. कृष्णवर्णीय कुटुंबे बटाईने कापूस पिकवत आणि हंगामाच्या शेवटी हिशेबात बहुधा देणेकरीच निघत. ब्लूज या जगण्यातून आला. एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे, ही त्याची सर्वांत ओळखीची घडण. विषय साधेच : कर्ज, पूर, तुरुंग, सोडून गेलेले माणूस, रात्रीची आगगाडी.

कापसाच्या धाग्याने खान्देश या भागाशी एकदा जोडला गेला होता. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धात तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खान्देशातल्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला. गाण्यांचे साम्य मात्र फार ताणू नये. आखाजीच्या झोक्यावर एकीने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, माहेरच्या सुखाबरोबर सासरचा जाच गाण्यातच बोलून घ्यायचा, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना ब्लूज फार परका वाटत नाही, इतकेच.

एक गायक हरवतो, एक कवयित्री सापडते

कव्हरचा विचार करताना ‘मिसिसिपी’ जॉन हर्ट या गायकाची हकिगत माहीत असायला हवी. डेल्टाच्या कडेला असलेल्या अॅव्हलॉन या खेड्यातला हा शेतकरी. १९२८मध्ये ‘ओकेह’ कंपनीने मेम्फिस आणि न्यूयॉर्कमध्ये त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. तबकड्या फारशा खपल्या नाहीत. पुढे जागतिक मंदी आली, आणि हर्ट पुन्हा शेतावर राबू लागला. १९५२मध्ये हॅरी स्मिथ या संग्राहकाने जुन्या तबकड्यांतील ८४ गाणी निवडून ‘फोकवेज’ कंपनीतर्फे त्यांचा संच काढला. त्यात हर्टची दोन गाणी होती. गिटार शिकणाऱ्या शहरी तरुणांनी ती घासूनपुसून ऐकली, वाजवली, पण गाणारा जिवंत आहे की नाही हेही कुणाला ठाऊक नव्हते. टॉम हॉस्किन्स या तरुणाच्या कानांनी एका गाण्यातला गावाचा उल्लेख पकडला. त्याने नकाशात गाव शोधले आणि १९६३मध्ये तो अॅव्हलॉनला पोहोचला. सत्तरीतले हर्ट तिथेच होते. त्याच वर्षी त्यांनी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायन केले. आयुष्याची शेवटची तीनच वर्षे त्यांच्या वाट्याला गायक म्हणून आली. २ नोव्हेंबर १९६६ रोजी ते गेले.

त्याच १९५२मध्ये महाराष्ट्रात ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात, शेतात काम करता करता त्या गाणी रचत. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती वहीत उतरवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. हर्टचा आवाज आणि चाल तबकडीत राहिली, माणूस मात्र पस्तीस वर्षे विस्मरणात गेला. बहिणाबाईंचे शब्द आणि नाव राहिले, पण पुस्तकात चाल येत नाही आणि गळाही येत नाही. जुन्या गाण्याचे काय टिकते आणि काय गळून पडते, याची ही दोन टोके आहेत. कायद्याचा प्रश्नही नेमका इथेच सुरू होतो, कारण कायदा ‘गाणे’ नावाची एकच वस्तू मानत नाही.

एका गाण्यावर किती जणांचा हक्क?

शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार शब्द आणि चाल यांवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा वेगळा हक्क असतो.

कव्हर करणारा मूळ ध्वनिमुद्रण वापरत नाही. तो स्वतः गातो, स्वतः वाजवतो. म्हणून तबकडी किती जुनी आहे, या हिशेबाचा त्याला फारसा उपयोग नाही. त्याला शब्द आणि चालीचा हिशेब करावा लागतो. गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. १९२८ची तबकडी भारतात केव्हाच मोकळी झाली आहे. मात्र हर्ट १९६६मध्ये गेले असल्याने त्यांनी स्वतः रचलेल्या गाण्याच्या शब्द-चालीवरचा हक्क, भारतीय नियमाने मोजला तर, २०२६च्या अखेरपर्यंत जातो. अमेरिकेत तर १९२८ची तबकडीही २०२८ संपेपर्यंत संरक्षित आहे. तिथे १९२३ ते १९४६ या काळातल्या ध्वनिमुद्रणांना शंभर वर्षांचे संरक्षण मिळते. इंटरनेटवर टाकलेले गाणे पिंपळनेरात ऐकले जाते तसेच न्यूयॉर्कमध्येही ऐकले जाते. त्यामुळे ‘आपल्याकडे मोकळे आहे’ हे उत्तर अर्धेच ठरते.

ट्रकचालकाला मिळालेला वारसा

हा मुद्दा किती पैशांचा असू शकतो, हे रॉबर्ट जॉन्सनच्या प्रकरणात दिसले. कंट्री ब्लूजमधले हे सर्वांत गाजलेले नाव. नोव्हेंबर १९३६मध्ये सॅन अँटोनिओतील हॉटेलच्या खोलीत आणि जून १९३७मध्ये डॅलसमध्ये त्याची २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली. १९३८मध्ये, अवघ्या २७व्या वर्षी तो मरण पावला. १९६१मध्ये त्याची गाणी एलपीवर आली आणि इंग्लंडमधल्या रॉक गायकांनी ती उचलली. ‘रोलिंग स्टोन्स’ने १९६९ आणि १९७२मध्ये त्याची दोन गाणी आपल्या अल्बममध्ये घेतली.

ही गाणी जुन्या तबकड्यांवर विकली गेली होती, त्या वेळी कुणी नोंदणी केली नव्हती, म्हणून ती सार्वजनिक मालमत्ता झाली, असा युक्तिवाद पुढे न्यायालयात झाला. अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०००मध्ये तो फेटाळला. त्या काळात तबकडी विकणे म्हणजे त्यातली रचना ‘प्रकाशित’ करणे नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लॉड जॉन्सन यांना रॉबर्टचा मुलगा आणि वारस म्हणून मान्यता देणारा निकाल कायम केला. क्लॉड खडीचा ट्रक चालवत. वडिलांच्या गाण्यांच्या मानधनाचे दहा लाख डॉलरहून अधिक पैसे त्यांच्या वाट्याला आले. वडील ज्या काळात गात होते, तेव्हा कंपन्या बहुतेक ब्लूज गायकांच्या हातावर ठरावीक रक्कम टेकवून मोकळ्या होत.

‘जुने गाणे आहे, कुणाचे काय जाते’ असे म्हणताना हा ट्रकचालक डोळ्यांपुढे असलेला बरा. अर्थात प्रत्येक क्लेममागे गायकाचा मुलगा असतोच असे नाही. बऱ्याचदा मागे एखादी कंपनी असते, जिने हक्क केव्हातरी विकत घेतलेले असतात.

भारतीय कायद्यातील कव्हरची वाट

स्वतःसाठी गायले, घरच्यांना ऐकवले, शिकण्यासाठी रेकॉर्ड केले, तर परवानगीचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो प्रसिद्ध करताना. २०१२च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ३१-सी आले. त्यानुसार मूळ गाणे पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाले त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांनंतर कुणीही आगाऊ नोटीस देऊन आणि मानधन भरून त्याचे कव्हर काढू शकतो. त्यापूर्वी ही मुदत दोन वर्षे होती. कॅसेटच्या जमान्यात जुन्या हिंदी गाण्यांच्या, नव्या गायकांनी गायलेल्या स्वस्त ‘व्हर्जन’ कॅसेट बाजारात आल्या, त्या याच वाटेने.

वाट आहे, पण ती हौशी गायकासाठी आखलेली नाही. मानधन दरवर्षी किमान ५० हजार प्रतींच्या हिशेबाने भरायचे. गाण्याचे शेवटचे ध्वनिमुद्रण ज्या माध्यमात निघाले, सामान्यतः त्याच माध्यमात कव्हर काढायचे. ते कव्हर आहे हे स्पष्ट लिहायचे. शब्द आणि चाल यांत तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदल करायचा नाही. ही शेवटची अट ब्लूजच्या स्वभावाशीच विसंगत आहे, कारण तिथे प्रत्येक गाणारा कडवी गाळत, जोडत, उलटीसुलटी करतच गात आला. ब्लूजचे शब्द अहिराणीत आणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण भाषांतराचा हक्कही मूळ शब्दांच्या मालकाकडेच असतो. हक्क संपलेला नसेल, तर त्यासाठी वेगळी परवानगी लागते.

व्यवहारात हौशी कलाकार दोनपैकी एक मार्ग धरतात. गाणे परंपरेने आलेले, कुणा एका रचनाकाराचे नसलेले निवडायचे. ब्लूजमध्ये ‘जॉन हेन्री’सारखी अशी कितीतरी गाणी आहेत. किंवा ऑडिओ वितरण करणाऱ्या सेवेमार्फत कव्हरचा परवाना घ्यायचा. व्हिडिओसाठी असा परवाना पुरेलच असे नाही.

क्लेम आला म्हणजे चॅनेल गेले?

नाही. यूट्यूबवरील ‘कंटेंट आयडी’ क्लेम आणि ‘स्ट्राइक’ यांत मोठा फरक आहे. क्लेम म्हणजे यंत्रणेला गाणे ओळखू आले. मालक त्या व्हिडिओवरचे जाहिरातीचे उत्पन्न घेऊ शकतो, त्याच्यावर नुसती नजर ठेवू शकतो किंवा व्हिडिओ अडवू शकतो. चॅनेलला सहसा त्याची झळ बसत नाही. स्ट्राइक मात्र मालकाने रीतसर काढून टाकण्याची मागणी केल्यावर येतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले, तर चॅनेल बंद होऊ शकते.

पारंपरिक गाण्यावरही क्लेम येतो, आणि तो चुकीचा असू शकतो. एखाद्या कंपनीने तेच लोकगीत आपल्या अल्बममध्ये घेतलेले असते. यंत्रणा चाल जुळवते आणि गाणे त्या कंपनीचे समजते. अशा वेळी क्लेमला आव्हान देता येते. दावा करणाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. गाणे पारंपरिक असल्याचा आधार आणि स्वतः गायल्याचा मूळ, न कापलेला व्हिडिओ हाताशी असला, तर बाजू भक्कम होते. घाबरून व्हिडिओ काढून टाकणारेच जास्त.

मोबाइलवर रेकॉर्ड करायचे तर...

कंट्री ब्लूज या कामाला सर्वांत सोयीचा, कारण तो मुळातच एका माइकसमोर, गाणे-वाजवणे एकदम करून रेकॉर्ड झाला. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. आधी गिटार, मग आवाज, मग जोडणी असा प्रकार नव्हता. आजही तसेच केले तर गाण्यात जीव राहतो.

पहिला प्रश्न खोलीचा. पत्र्याखालच्या खोलीत आवाज घुमतो आणि पावसाळ्यात तर बोलायलाच नको. स्लॅबच्या खोलीत उघड्या भिंती आवाज परत फेकतात. दोन गोधड्या मागच्या भिंतीवर टांगल्या आणि खाली सतरंजी टाकली, की फरक लगेच कानाला कळतो. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट असेल, तर त्याच्याकडे तोंड करून बसावे. रॉबर्ट जॉन्सन भिंतीकडे तोंड करून गायला, असे सांगितले जाते. ते लाजेपोटी की कोपऱ्यातून आवाज अधिक भरीव यावा म्हणून, यावर जाणकारांत अजून वाद आहे. करून पाहायला पैसे पडत नाहीत.

पंखा आणि फ्रिज बंद, मोबाइल ‘एअरप्लेन मोड’वर आणि चार्जर काढलेला. वेळ रात्रीची, कांद्याचे ट्रॅक्टर आणि लग्नाचे डीजे थांबल्यानंतरची. खिडकी बंदच हवी. साक्री तालुक्यात वाऱ्याची कमतरता नाही. ब्राह्मणवेलच्या परिसरात पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. मोबाइलच्या माइकवर वाऱ्याची एक झुळूक आली, तरी घरघर उमटते आणि ती नंतर काढता येत नाही.

मोबाइल गिटारच्या भोकासमोर ठेवण्याची चूक जवळपास सगळेच करतात. तिथे खर्ज नुसता गुरगुरतो. बारा ते चौदा क्रमांकाच्या पडद्यांसमोर, साधारण फूटभर अंतरावर आणि छातीच्या उंचीवर मोबाइल ठेवावा. माइकचे टोक तोंड आणि गिटार यांच्या मधोमध येईल असे पाहावे. आवाज गिटारला दाबत असेल, तर मोबाइल थोडा खाली. गिटार आवाजाला दाबत असेल, तर थोडा वर. समतोल जागेनेच साधायचा, कारण नंतर दोन्ही वेगळे करता येणार नाहीत. अॅपमध्ये ‘वेव्ह’ फाइल आणि ४८ किलोहर्ट्झ हा पर्याय निवडावा. सर्वांत जोरात गायच्या ओळीलाही आवाजाची पट्टी लाल होता कामा नये. ऐकताना तारेचा हेडफोन वापरावा.

वाजवण्याबद्दल थोडेसे. हर्टच्या शैलीत अंगठा खर्जाच्या दोन तारांवर बैलगाडीच्या चाकासारखा एका लयीत फिरत राहतो आणि चाल बोटांनी वरच्या तारांवर निघते. अंगठा आपोआप चालायला लागेपर्यंत गायची घाई करू नये. डेल्टाच्या शैलीत तारा वेगळ्या सुरांत लावून त्यांवर बाटलीच्या गळ्याचा तुकडा किंवा चाकू सरकवतात. भारतीय कानाला ही मींड ओळखीची आहे. आडव्या गिटारवर ती आणून विश्वमोहन भट्ट यांनी राय कूडरबरोबर १९९४चा ग्रॅमी मिळवला.

पहिल्या ‘टेक’मध्ये चुका होणारच. तिसऱ्या-चौथ्यात गाणे बसते. दहाव्यात ते पाठ केल्यासारखे वाटू लागते. बोट घसरल्याचा आवाज, श्वास, खुर्चीची करकर हे थोडेफार राहिले तर राहू द्यावे.

आणि घरातली गाणी?

ज्या खोलीत ब्लूज रेकॉर्ड होतो, त्याच खोलीत आजीची कानबाईची आणि आखाजीची गाणीही रेकॉर्ड होऊ शकतात. बहिणाबाईंच्या शब्दांवरील हक्काची मुदत संपली आहे. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजतात, म्हणजे १९५२च्या पुस्तकाबाबत ती २०१२च्या अखेरीस भरली. ते शब्द स्वतःच्या चालीत, गिटारवर, कुणालाही गाता येतात. चित्रपटात किंवा रेकॉर्डवर ऐकलेली चाल मात्र त्या संगीतकाराची असते आणि तिचा हिशेब वेगळा. अनेकांचे गाणे इथेच अडते : शब्द मोकळे, चाल बांधलेली.

अहिराणी लोकगीतांना भारतात स्वतंत्र कायदेशीर संरक्षण नाही. रचणारी अज्ञात असेल, तर शब्द आणि चाल सर्वांची. पण गाणाऱ्या आजीचे सादरीकरण तिचेच असते. कायदा तिला कलाकार मानतो, आणि तिचे गाणे रेकॉर्ड करून लोकांसमोर ठेवण्याआधी तिची परवानगी लागते, नातवालाही. काही गाणी तर मुळात सगळ्यांसाठी नसतात. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या व्रतात पावरीच्या सुरावर कोकणा आणि भिल्ल समाजात जे गायले जाते, ते पूजेचा भाग आहे. तिथे मोबाइल वर धरण्याआधी भगताला आणि मंडळींना विचारणे भाग आहे, आणि ‘नको’ म्हटले तर मोबाइल खिशात.

अपलोड करताना ‘पारंपरिक’ एवढाच शब्द टाकला जातो. कंट्री ब्लूजमध्येही अनेक गाण्यांखाली बराच काळ हाच शब्द छापला गेला आणि त्याआड कितीतरी खरे रचणारे झाकले गेले. हॉस्किन्सला हर्ट सापडला तो गाण्यात गावाचे नाव होते म्हणून. व्हिडिओखाली गाणाऱ्याचे नाव, तिची संमती असेल तर गाव, गाणे कुणाकडून शिकले ते आणि रेकॉर्डिंगची तारीख, एवढे लिहायला एक मिनिट लागते. ब्लूजच्या कव्हरखालीही हेच लिहावे : मूळ गाणारा कोण, रेकॉर्डिंग कोणत्या सालचे, आणि आपण कोणते कडवे गाळले.